नटवर्य मेइ लान-फांग

नट म्हणजे सोंग आणणारा मनुष्य. त्याच्या बोलण्याला व वागण्याला वजन तें कसलें, अशी समजूत पुष्कळ देशांत पुष्कळ काळपर्यंत होती. चीन देशांत तर त्या समजुतीला कायद्याचें पाठबळ होतें. बादशाही अमदानींत नटाचा मुलगा कितीहि बुद्धिमान असला तरी त्याला सरकारी परीक्षेस बसण्याची मुभा नसे. आणि परीक्षेवांचून समाजांत मानाची जागा मिळत नसे. अशा नटांच्या कुळांत जन्मलेला एक पुरुष पुढें जगभर चिनी कलेचा प्रतिनिधि म्हणून ओळखला गेला; आणि ज्या काळीं कित्येक शिकलेले व अधिकारसंपन्न लोक शत्रूपुढें वांकले, त्या काळीं हा नट ताठ उभा राहिला. त्यांचें नांव मेइ लान-फांग. चिनी लोकांत आडनांव आधीं येतें, त्याप्रमाणें मेइ हें त्यांचें आडनांव. अलुबुखाराच्या जातीच्या एका झाडाला चिनी भाषेंत हेंच नांव आहे. ऐन थंडींत, अंगावर पान नसतांना, हें झाड फुलतें. या नांवाला शोभेल असेंच त्यांचें चरित्र आहे, म्हणून तें विद्यार्थ्यांकरितां येथें देत आहों.

ज्या नाट्यकलेंत ते वाढले तिची थोडी ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. चीनमध्यें प्रांतोप्रांतीं संगीत नाटकांचे निरनिराळे प्रकार आहेत, आणि ते शेंकड्यांनीं मोजावे लागतात. प्रत्येकाची बोली वेगळी, चाली वेगळ्या, वाद्यें वेगळीं. त्यांतील ज्या प्रकाराला पेकिंगचें नाटक म्हणतात तें मूळचें पेकिंगचें, म्हणजे आजच्या बीजिंगचें, नव्हेच. १७९० सालीं चियेन-लुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या उत्सवानिमित्त दक्षिणेकडून आन्हुइ प्रांताची एक नाटकमंडळी राजधानींत आली. तिच्या मागोमाग आणखी मंडळ्या आल्या, व त्यांपैकीं चार विशेष नामांकित झाल्या. एकीचीं गाणीं लोकांना आवडत, दुसरीचीं अनेक दिवस चालणारीं लांब कथानकें, तिसरीच्या लढाया व उड्या, तर चौथींतील लहान मुलांचीं कामें.

त्यापूर्वीं राजधानींतील रसिकांवर सूचौ शहरानजीकच्या कुन-शान गांवाहून आलेल्या कुन-चू नांवाच्या नाटकाचें राज्य होतें. बांसरीच्या साथीवर गाइलें जाणारें तें नाटक फार कोमल व काव्यमय. पण त्यांतील भाषा विद्वानांपुरतीच राहिली होती. आन्हुइच्या नटांच्या चाली गंभीर व शोकरसाला अनुकूल अशा होत्या. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हुपेइ प्रांतांतील नट राजधानींत आले आणि त्यांनीं चपळ, उल्हसित अशा दुसऱ्या चाली आणल्या. या दोन धारांचा संगम झाला. त्यांत कुन-चूचें नृत्य व शिष्टपणा मिसळला. पेकिंगची बोली त्यांत शिरली. आणि दोन-तीन पिढ्यांत एक नवीन नाट्यप्रकार उभा राहिला. चार प्रांतांच्या पाहुण्यांनीं बांधलेलें हें घर कालांतरानें राजधानीचें भूषण ठरलें.

या नाटकाची रीत आपल्या नाटकाहून अगदीं निराळी आहे. रंगभूमीवर देखावे नसतात. एक मेज व दोन खुर्च्या एवढें सामान असलें कीं पुरे. तेंच मेज कधीं राजाचें सिंहासन होतें, कधीं डोंगर, कधीं पूल, कधीं किल्ल्याचा तट. नटाच्या हातांत गोंडे लावलेला चाबूक दिसला कीं तो घोड्यावर स्वार आहे असें समजावें. हातांत वल्हें दिसलें कीं तो नावेंत आहे. नावेंत पाय ठेवतांना तो असा डोलतो कीं प्रेक्षकाला पाणी दिसूं लागतें. चार शिपाई निशाणें घेऊन आले म्हणजे हजारोंचें सैन्य आलें. दार नसतांना दार उघडणें, जिना नसतांना जिना चढणें, सुई नसतांना सुईंत दोरा ओंवणें, हीं सारीं कामें नुसत्या हातापायांनीं दाखवावीं लागतात, आणि त्यांतील प्रत्येक हालचाल तालाशीं बांधलेली असते.

पात्रांचे चार मुख्य वर्ग आहेत: पुरुषपात्रें, स्त्रीपात्रें, रंगविलेल्या चेहऱ्याचीं उग्र पात्रें आणि विदूषक. रंगविलेल्या चेहऱ्यांत रंगालाहि अर्थ असतो. तांबडा चेहरा निष्ठावंताचा, काळा सरळ व निर्भीड माणसाचा, पांढरा कपटी मुत्सद्द्याचा. साथीला चिंग-हू नांवाचें दोन तारांचें, गजानें वाजविण्याचें तीव्र स्वराचें वाद्य, शिवाय लहान ढोल, लांकडी टाळ, झांजा आणि थाळ्या असतात. ढोल वाजविणारा हाच सगळ्यांचा नायक. नटाच्या पावलापासून डोळ्याच्या पापणीपर्यंत सर्व कांहीं त्याच्या इशाऱ्यावर चालतें. स्त्रियांना त्या काळीं या रंगभूमीवर मज्जाव होता, म्हणून आपल्या जुन्या रंगभूमीप्रमाणें तेथेंहि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. मेइ लान-फांग यांचें घराणें अशा भूमिकांसाठींच प्रसिद्ध होतें.

त्यांचे आजोबा मेइ च्याव-लिंग हे राजधानींतील चार प्रसिद्ध मंडळ्यांपैकीं एकीचे चालक व मोठे नट होते. त्यांच्या उदारपणाची एक गोष्ट सांगतात. त्यांचे एक विद्वान स्नेही बरेंच कर्ज शिरावर ठेवून वारले. च्याव-लिंग समाचाराला गेले तेव्हां आपलें पैसे वसूल करायला ते आले असावेत असें घरच्यांना वाटलें. परंतु त्यांनीं कर्जरोखा काढून शवपेटीपुढें जाळून टाकला, आणि उत्तरक्रियेसाठीं वर पदरचे पैसे दिले. ज्यांना समाज हलके मानी त्यांच्या घरांत असें औदार्य होतें.

लान-फांग यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८९४ रोजीं पेकिंग येथें झाला. त्याच वर्षीं चीन व जपान यांचें युद्ध जुंपलें होतें. त्या दोन देशांच्या वैराची छाया पुढें त्यांच्या सर्व आयुष्यावर पडावयाची होती. मुलगा जेमतेम चार वर्षांचा झाला असेल नसेल तोंच वडील वारले. चुलते मेइ यू-थिएन हे चिंग-हू वाजविण्यांत त्या काळीं अग्रगण्य. त्यांनीं पुतण्याचा सांभाळ केला. पण १९०० सालच्या दंगलींनंतर घरची स्थिति इतकी खालावली कीं राहतें घरहि विकावें लागलें. आई गेली तेव्हां मुलगा चौदा वर्षांचा होता.

आठव्या वर्षीं त्याला गाणें शिकण्यास बसविलें. हा मुलगा पुढें जगप्रसिद्ध होईल असें त्या वेळीं कोणालाहि वाटलें नसतें. चेहरा साधा, नजर मंद, पापण्या खालीं झुकलेल्या, आणि बोलणें अडखळत. चार ओळींचें एक जुनें पद कांहीं दिवस घोकूनहि त्याला येईना. तेव्हां पहिले गुरुजी कंटाळले. या मुलाच्या नशिबीं ही भाकरी नाहीं असें सांगून ते निघून गेले. पुढें शिष्य कीर्तीच्या शिखरावर असतां गुरुजींची व त्यांची गांठ पडली, आणि गुरुजींना आपल्या जुन्या शब्दांची लाज वाटली. त्यावर लान-फांग यांनीं त्यांचे आभारच मानले. ते बोल खाल्ले नसते तर आपण इतका अभ्यास केलाच नसता असें त्यांनीं नम्रपणें सांगितलें.

दुसरे गुरु वू लिंग-शिएन हे वयस्कर व शांत स्वभावाचे होते. छडी त्यांच्याजवळ असे, पण लान-फांगवर ती त्यांनीं कधीं उगारली नाहीं. त्यांची शिकविण्याची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मेजावर जुन्या नाण्यांची चळत ठेवावयाची. पद एकदां म्हणून झालें कीं एक नाणें उचलून तबकांत टाकावयाचें. दहा नाणीं संपलीं कीं तीं परत जागेवर ठेवून पुन्हां पहिल्यापासून आरंभ. असें एकेक पद वीस-तीस वेळां म्हणवून घेत. पांच-सहा वेळांतच पद आलें असलें तरी नाणीं संपल्याशिवाय सुटका नसे. पोराला झोंप येऊं लागली तर गुरुजी हलकेच ढकलून जागें करीत. गळ्यांत एकदां बसलेलें पद पुढें जन्मभर हललें नाहीं तें या नाण्यांमुळें.

१९०४ सालीं, दहाव्या वर्षीं, त्याचें पाऊल रंगभूमीवर पडलें. तो सण सातव्या महिन्याच्या सप्तमीचा होता. त्या रात्रीं आकाशांतील गुराखी व विणकर कन्या यांची वर्षांतून एकदां पक्ष्यांच्या पुलावर भेट होते अशी चिनी लोकांची कथा आहे. लान-फांग विणकर कन्या झाला होता. पूल म्हणून मांडलेल्या खुर्चीवर चढण्याइतकी त्याची उंची नव्हती, म्हणून गुरुजींनींच त्याला उचलून वर ठेवलें.

यापुढचीं वर्षें कठोर मेहनतीचीं होतीं. त्या काळच्या कित्येक स्त्रीभूमिकांत लहान पावलांचा भास व्हावा म्हणून नटाला पायांना लांकडी खुरे बांधून चालावें लागे. बांकावर वीट उभी करून त्या विटेवर, तशा खुरांनीं, उदबत्ती जळून संपेपर्यंत उभें राहावयाचें, असा सराव त्यांनीं केला. हिंवाळ्यांत अंगणांत पाणी ओतून बर्फ होऊं देत आणि त्या बर्फावर खुरे बांधून फिरत. बर्फावर तोल साधला कीं रंगभूमीच्या फळ्या सोप्या वाटत. पाय सुजत, अंग ठेंचकाळे, तरी सराव सुटत नसे.

मंद नजरेवरचा उपाय त्यांना कबुतरांनीं मिळवून दिला. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं हौसेनें कबुतरें पाळलीं. पहांटे उठून तीं उडवावयाचीं. आपला थवा कोठवर गेला, त्यांत परकें कबूतर मिसळलें काय, हें पाहण्यासाठीं आभाळांत दूरवर टक लावावयाची. हातांत लांब व जड बांबू धरून त्यानें थव्याला दिशा दाखवावयाची. असें वर्षानुवर्षें चाललें. नजर आभाळांत फिरून फिरून डोळ्यांत पाणीदारपणा आला, पापण्या वर उचलल्या गेल्या, आणि बांबू पेलून दंडांत असें बळ आलें कीं जड जरीचे झगे घालून तासन् तास नाचतांनाहि हात थकत नसत. ज्या डोळ्यांना गुरुजींनीं निर्जीव म्हटलें त्याच डोळ्यांची पुढें प्रेक्षकांनीं वाखाणणी केली.

१९१३ सालीं ते प्रथम शांघायला गेले. तेथें त्यांना मोठें यश मिळालें; पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं तेथील नव्या धर्तीचीं नाटकगृहें, प्रकाशयोजना व सामाजिक विषयांवरचीं नाटकें त्यांनीं डोळसपणें पाहिलीं. परत आल्यावर त्यांनीं आधुनिक वेषांत कांहीं नाटकें केलीं. स्त्रियांचे हाल, आईबापांनीं लहानपणींच ठरवून टाकलेलीं लग्नें, खुळ्या समजुती, असे त्यांचे विषय होते. परंतु रोजच्या कपड्यांत जुनें नृत्य बसेना, आणि साध्या बोलण्यांत जुनें गाणें रमेना, हें त्यांच्या ध्यानांत आलें; तेव्हां तो मार्ग त्यांनीं सोडला व जुन्या कलेंतच नवी भर घालण्याचें ठरविलें.

या कामीं त्यांना ची रू-शान नांवाचे विद्वान सहाय मिळाले. ची यांनीं यूरोपांतील रंगभूमि पाहिली होती. एका नाटकांत पति दाराबाहेर उभा राहून आपली कर्मकथा गात असतां पत्नी झालेले लान-फांग स्वस्थ बसून राहतात, हें त्यांना खटकलें. ऐकणाऱ्या पत्नीच्या मुद्रेवर सुखदुःख उमटलें पाहिजे असें त्यांनीं पत्र लिहून कळविलें. नामांकित नटानें अशा पत्राची पर्वा कशाला केली असती! पण पुढच्याच प्रयोगांत ती सुधारणा झालेली पाहून ची चकित झाले. त्या पत्रापासून दोघांचें सहकार्य जमलें तें कैक वर्षें टिकलें.

पूर्वीं स्त्रीभूमिकांचे वर्ग अगदीं अलग असत. सोज्ज्वळ कुलस्त्री व्हावयाचें असेल तर हात पोटाशीं धरून स्थिर उभें राहून गावयाचें. चंचल तरुणी व्हावयाचें असेल तर हावभाव करावयाचे. लढणारी स्त्री वेगळीच. आपले ज्येष्ठ वांग याव-चिंग यांनीं दाखविलेल्या वाटेनें जाऊन लान-फांग यांनीं हे वर्ग एकत्र आणले, म्हणजे एकाच पात्रांत गाणें, नृत्य, अभिनय व शस्त्रविद्या यांचा मिलाफ केला. तीव्र चिंग-हूच्या जोडीला अर-हू हें मंजूळ वाद्यहि त्यांच्याच मंडळींत प्रथम बसविलें गेलें. १९१५ सालीं चंद्रावर उडून गेलेल्या देवीचें, १९१७ सालीं फुलें उधळणाऱ्या अप्सरेचें, अशीं त्यांचीं नृत्यनाट्यें झालीं. या दुसऱ्या नाटकाचें मूळ आपल्या भारतांत आहे. वैशालीचा बौद्ध गृहस्थ विमलकीर्ति आजारी असतां त्याच्या घरीं आलेल्या भिक्षूंवर अप्सरा पुष्पवृष्टि करते. ज्यांची आसक्ति सुटलेली नाहीं त्यांच्याच अंगाला फुलें चिकटतात, अशी ती कथा. जुन्या बौद्ध चित्रांतील उडत्या आकृति पाहून त्यांनीं दोन लांब रेशमी पट्टे हातांनीं खेळविण्याचें नृत्य बसविलें.

१९२२ सालीं यांग श्याव-लौ यांच्याबरोबर केलेलें "राजा राणीचा निरोप घेतो" या अर्थाचें नाटक त्यांच्या सर्व नाटकांत प्रसिद्ध आहे. राजा श्यांग यू शत्रूच्या वेढ्यांत सांपडला आहे. राणी यू ची चांदण्यांत तंबूबाहेर येते, तों शत्रूच्या छावणींतून आपल्याच देशाचीं गाणीं ऐकूं येतात. आपले लोक शत्रूला मिळाले हें तिला कळतें. ती आंत येते, राजाला धीर यावा म्हणून दोन तरवारी घेऊन नाचते. राजाकडे तोंड करते तेव्हां हंसते. पाठ फिरवते तेव्हां तिचा चेहरा उतरतो. शेवटीं आपल्या पायीं राजाला पळतां येणार नाहीं हें जाणून ती प्राण देते. एकाच नृत्यांत दोन चेहरे दाखविण्याचें हें काम लान-फांग असें करीत कीं प्रेक्षागृह स्तब्ध होई.

१९१९ सालीं त्यांनीं जपानांत खेळ केले. पेकिंगच्या नाटकाला परदेशीं मानाचें स्थान मिळालें तें तेव्हांपासून. १९२३ सालीं तोकियोच्या भागांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां जपानी आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठीं त्यांनीं पेकिंगांत खेळ करविले, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां ते जपानास गेले. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१९२४ च्या मे महिन्यांत रवींद्रनाथ टागोर पेकिंगांत होते. त्यांच्यासाठीं लान-फांग यांनीं लो नदीच्या देवतेचें नाटक केलें. कविवर्य प्रसन्न झाले. मात्र देवलोकाचा पडदा फार साधा आहे, तो अधिक ठळक रंगांनीं व कल्पनेनें रंगवावा, अशी सूचना त्यांनीं केली. लान-फांग यांनीं तो पडदा नव्यानें करवून घेतला. कविवर्यांनीं त्यांना पंख्यावर बंगालींत एक लहानशी कविता लिहून दिली.

१९३० सालीं ते अमेरिकेस गेले. निघण्यापूर्वीं कांहीं महिनेच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता, आणि ज्यांना भाषेचा एक शब्द कळत नाहीं असे लोक नाटकाला येतील कीं नाहीं हीहि शंका होती. परंतु न्यूयॉर्कमध्यें ठरल्यापेक्षां अधिक दिवस खेळ करावे लागले. त्यानंतर शिकागो, सान फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस येथेंहि तसाच सत्कार झाला, व कॅलिफोर्नियांतील दोन विद्यापीठसंस्थांनीं त्यांना सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. ज्याच्या वाडवडिलांना परीक्षेच्या मंडपांत पाऊल टाकतां येत नव्हतें, त्या नटाला परदेशच्या विद्यापीठांनीं पदवी द्यावी, हा काळाचा केवढा पालट!

१९३१ च्या सप्टेंबरांत जपानी सैन्यानें मांचुरिया गिळंकृत केला. पुढल्या वर्षीं लान-फांग पेकिंग सोडून शांघायला राहावयास गेले. तेथें त्यांनीं दोन नवीं नाटकें केलीं. १९३३ मधील पहिल्यांत ल्यांग हुंग-यू ही सेनापतीची पत्नी नदीकांठीं स्वतः रणढोल वाजवून परचक्राशीं लढणाऱ्या सैन्याला चेव आणते. १९३६ मधील दुसऱ्यांत शत्रूनें गुलाम करून नेलेल्या पतिपत्नींचे हाल आहेत. कथा सात-आठशें वर्षांपूर्वींच्या. पण त्यांचा रोख प्रेक्षकांना बिनचूक समजे. १९३५ सालीं रशियाचें आमंत्रण आलें तेव्हां आगगाडीचा जवळचा मार्ग जपानच्या ताब्यांतील मांचुरियांतून जात होता. त्या मार्गानें जाण्यास त्यांनीं नकार दिला. शेवटीं रशियन सरकारनें आगबोट पाठवून त्यांना व्लादिवोस्तोकला नेलें. मॉस्कोंत स्तानिस्लाव्हस्की, मेयरहोल्ड, आयझेन्स्टाइन यांसारख्या नाट्य व चित्रपट क्षेत्रांतील आचार्यांनीं त्यांचें काम पाहिलें. जर्मन नाटककार ब्रेश्ट हेहि तेथें होते. त्यांनीं पुढल्या वर्षीं चिनी अभिनयावर जो लेख लिहिला तो नाट्यशास्त्रांत प्रसिद्ध आहे.

१९३७ सालीं युद्ध पेटलें व शांघाय जपान्यांच्या हातीं गेलें. १९३८ मध्यें लान-फांग हाँगकाँगला गेले. तेथें कांहीं प्रयोग झाल्यावर त्यांनीं रंगभूमि सोडली. वय चव्वेचाळीस; गळा व शरीर दोन्ही ऐन भरांत. चित्रें काढणें, इंग्रजी शिकणें, खेळणें यांत ते दिवस घालवीत. अधूनमधून रात्रीं खिडक्या घट्ट लावून हलक्या आवाजांत गाऊन पाहत. एकदां बागेंत फुलाचा वास घेण्यासाठीं ते वांकले, तेव्हां बरोबरचे स्नेही म्हणाले कीं ही तर रंगभूमीवरचीच बैठक झाली. यांग क्वेइ-फेइ या राणीच्या नाटकांत खालीं वाकून बसण्याची एक अवघड हालचाल पूर्वापार होती. ती कां करावयाची हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. त्या दिवशीं लान-फांग यांना तिचा अर्थ सांपडला: राणी फूल हुंगण्यासाठीं वांकते. पुढें त्यांनीं ती हालचाल तशीच केली. गाणें बंद होतें, पण विचार बंद नव्हता.

१९४१ च्या डिसेंबरांत हाँगकाँगहि पडलें. तेव्हां लान-फांग यांनीं मिशा राखल्या. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. पण ज्यानें तीस-पस्तीस वर्षें स्त्रीभूमिका केल्या, ज्याचा चेहराच त्याचें भांडवल, त्यानें मिशा राखणें म्हणजे आपल्या दुकानाला स्वतःच्या हातानें कुलूप लावणें होतें. जपानी अधिकाऱ्यांनीं गोड बोलून, भय दाखवून पाहिलें. आतां आपण म्हातारे झालों, गळा गेला, असें सांगून ते निसटत. १९४२ सालीं शांघायला परत आल्यावर दडपण आणखी वाढलें. एका समारंभांत गाण्याची सक्ति होणार असें दिसतांच त्यांनीं ओळखीच्या डॉक्टरांकडून विषमज्वराची लस टोंचून घेतली. लशीनें आपल्याला जोराचा ताप चढतो हें त्यांना ठाऊक होतें, व त्यांत जीवाला धोकाहि होता. तपासणीस आलेल्या जपानी लष्करी डॉक्टरला खरोखरच तापानें फणफणलेला रोगी दिसला, आणि तो परत गेला.

उत्पन्न थांबलें होतें, पण घरचीं माणसें व मंडळींतील जुने साथीदार त्यांच्यावर अवलंबून होते. त्यांनीं घरांतील वस्तू विकल्या, कर्ज काढलें, आणि रात्र रात्र दिव्याशीं बसून फुलांचीं व बुद्धाचीं चित्रें काढून तीं विकलीं. एका रात्रीचा खेळ केला असता तर हें सारें टळलें असतें. तो त्यांनीं केला नाहीं.

१९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण आलें. लान-फांग यांनीं मिशा उतरविल्या व ऑक्टोबरांत ते शांघायच्या रंगभूमीवर आले. तेव्हां ते एकावन्न वर्षांचे होते. मौनाची किंमत त्यांना त्या वेळीं कळली. इतक्या वर्षांच्या खंडानंतर चिंग-हूच्या उंच पट्टींत गळा चढेना. म्हणून प्रथम त्यांनीं बांसरीच्या साथीवरचीं कुन-चू नाटकें केलीं, आणि पुन्हां विद्यार्थ्यासारखा सराव करून हळूहळू आवाज परत मिळविला.

१९४९ नंतर ते राष्ट्रीय नाट्यसंस्थांचे प्रमुख झाले, आणि त्यांनीं अनेक शिष्य तयार केले. १९५६ सालीं चिनी नटांचें मंडळ घेऊन ते पुन्हां जपानांत गेले, आणि त्या दौऱ्यांत हिरोशिमाच्या अणुबाँबनें पीडिलेल्यांच्या व युद्धांत पोरक्या झालेल्या मुलांच्या मदतीसाठीं त्यांनीं खेळ केले. भूकंपाच्या वेळची गोष्ट येथें आठवावी. ज्या लोकांच्या सैन्यापुढें त्यांनीं तोंड उघडलें नाहीं, त्याच लोकांच्या दुःखाकरितां ते दोन वेळां गाइले. अन्यायाला नकार देणें आणि माणसांचा द्वेष करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यांना नीट समजलें होतें. १९५९ सालीं, पासष्टाव्या वर्षीं, उतारवयांत पुन्हां सेनापतिपद स्वीकारणाऱ्या मू क्वेइ-यिंगची भूमिका त्यांनीं केली. तें त्यांचें शेवटचें नवें नाटक. ८ ऑगस्ट १९६१ रोजीं हृदयविकारानें पेकिंग येथें त्यांचा अंत झाला. राजधानीच्या पश्चिमेकडील डोंगरावर त्यांची समाधि आहे.

त्यांच्या मागें या कलेवर वाईट दिवस आले. १९६६ पासून दहा वर्षें जुनीं नाटकें रंगभूमीवरून हद्दपार झालीं होतीं. तो काळहि गेला. धाकटे चिरंजीव मेइ बाव-च्यू यांनीं पित्याच्या भूमिका २०१६ सालीं आपण वारेपर्यंत जतन केल्या व शिकविल्या. आणि २०१० सालीं युनेस्कोनें पेकिंगच्या नाटकाची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत गणना केली.

विद्यार्थिमित्रांनो, गुरुजींनीं मंदबुद्धि म्हणून सोडून दिलेला मुलगा नाण्यांची चळत, बर्फ आणि कबुतरें यांच्या बळावर केवढा झाला, हें आपण पाहिलें. परंतु त्याच शिस्तीचें दुसरें फळ याहून मोठें आहे. दहा नाणीं संपेपर्यंत न उठण्याची ज्याला संवय लागली, त्यालाच पुढें सात-आठ वर्षें आपलें आवडतें काम बाजूला ठेवून दम धरतां आला. गुण अंगीं आणावयास कष्ट लागतात. तो गुण अयोग्य कामीं विकला जाऊं नये म्हणून त्याहून अधिक कष्ट लागतात. मेइ लान-फांग यांनीं दोन्ही कष्ट केले.